आगीचा क्लेम ‘करून देणारा’ माणूस आणि माझे ₹२,४५,०००

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. बी.कॉम. झालोय, चोवीस वर्षं बेळगावच्या वडगावात माग चालवतोय, जीएसटी आल्यापासून एक रिटर्न उशिरा भरलेलं नाही. तरी फसलो. घरात पूर्ण आकडा अजून सांगितलेला नाही, बायकोला लाखभरच गेले असं वाटतंय.

मार्च २०२४. शिमगा आठ दिवसांवर आला होता. रात्री अडीचला शेजाऱ्याने दार बडवलं. १०१ ला फोन केला, बंब आला, पहाटेपर्यंत सगळं विझलं. आठातले चार माग गेले, सुताची खोली गेली, पत्रे वाकले. आगीचं एवढंच. वही समोर घेऊन मी त्याच आठवड्यात हिशेब मांडला होता: सूत आणि तयार साड्या ₹६,८५,०००, चार माग ₹५,४०,०००, छप्पर आणि वायरिंग ₹१,९०,०००. एकूण ₹१४,१५,०००. विमा होता, हप्ता वेळेवर भरलेला होता, मालाचाच विमा बारा लाखांचा होता. म्हणजे सरळ मार्गाने गेलो असतो तरी पैसे मिळण्यासारखे होते. हेच जास्त लागतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. पेपरात बातमी वाचली म्हणाला. आल्या आल्या आईच्या पाया पडला. “मामा, माझं आजोळ इथलंच, मंगाईच्या जत्रेला दरवर्षी येतो की.” राहणार कोल्हापूरचा, पण कन्नड लिहायला-वाचायला अस्खलित. आणि इथंच मी अडकलो. मला कन्नड बोलता येतं, बाजारात कुणाला हार जात नाही, पण पंचनाम्याची तीन पानं हाताने लिहिलेली, त्यातलं निम्मं मला लागत नव्हतं. तो म्हणाला, “कन्नड कागदांचं मी बघतो ओ, तुम्ही फक्त सह्या करा.” आपला माणूस, आपल्या भाषेत बोलतोय, शिवाय तिकडची भाषा पण येते. आमच्या भागात याहून जास्त काय लागतं? क्लेमच्या १२ टक्के त्याचे ठरले. फाईल चार्ज म्हणून ₹२५,००० त्याच दिवशी यूपीआयने दिले. (तेवढाच एक पुरावा आज माझ्याकडे आहे. बाकी सगळं रोख. रोख देऊ नका.)

क्लेम फॉर्म त्यानेच भरला. मोबाईल आणि ईमेल त्याचा. “सारखे फोन येतील, तुम्हाला त्रास कशाला?” मला तेव्हा ती सोय वाटली. नंतर कंपनीने जी जी पत्रं पाठवली, जे जे कागद मागितले, ते सगळं त्याच्याकडे गेलं, मला एकही आलं नाही. फॉर्मवर नंबर स्वतःचाच घाला, बाकी काही नाही केलं तरी चालेल.

आता ती वेळ सांगतो. मी रात्री अजून तिच्यावरच येऊन थांबतो.

चौथ्या दिवशी नुकसान तपासायला विमा कंपनीने नेमलेला सर्व्हेअर आला. साधा, वयस्कर माणूस, गुडघ्यापर्यंत राखेत उतरून एकेका मागाचा फोटो काढत होता. जळालेली बीम हलवू नका, भंगार विकू नका, माझं पत्र येईपर्यंत काही उचलू नका, असं त्याने मला स्वतः सांगितलं. जाताना मी रीतीप्रमाणे पाकीट पुढे केलं, पाचशेच्या चार नोटा होत्या. त्याने हात मागे घेतला आणि म्हणाला, “मला काही द्यायचं नसतं. आमची फी कंपनी देते.” चहा मात्र घेतला. हे माझ्या कानांनी ऐकलं. आणि त्याच संध्याकाळी ‘आपला माणूस’ म्हणाला की सर्व्हेअरचे ₹६०,००० द्यायचेत. मी म्हटलं, अहो, ते तर नको म्हणाले. तो हसला. “मामा, पहिल्या दिवशी सगळे असंच बोलतात.” आणि मी दिले! दुसऱ्या दिवशी बँकेतून काढून, रुमालात बांधून दिले. खरं बोलणारा माणूस समोर उभा राहून खरं सांगून गेला, आणि मी विश्वास ठेवला हसणाऱ्यावर.

पुढे ऑडिटचे म्हणून ₹३५,००० आणि ‘वरच्या ऑफिसचे’ म्हणून ₹४०,०००. शिवाय कमिशनसाठी एक कोरा चेक सही करून दिला होता, त्याच्यावर त्याने जूनमध्ये ₹८५,००० उचलले. बेरीज करा. मी केली आहे, बऱ्याच वेळा.

मे महिन्यात टिळकवाडीत एका हॉटेलात बसवून त्याने माझ्या चाळीसेक सह्या घेतल्या. त्यात सुताच्या खरेदीची दहा बिलं होती. वरचं पान मी बघितलं, इचलकरंजीचा पत्ता होता. आमचं सूत तिथूनच येतं, त्यामुळे आपलीच जुनी बिलं असतील असं वाटलं. तो म्हणाला होता, “थोडं वर धरावं लागतं, कंपनी कापतेच.” मी गप्प बसलो. हे मान्य करतो. सगळेच धरत असतील असं वाटलं, आणि ज्याचे चार माग जळालेत त्याने माझ्या जागी बसून बघावं, मग बोलावं.

डिसेंबरात कंपनीचं पत्र आलं, रजिस्टर पोस्टाने, म्हणून निदान माझ्या हातात पडलं. क्लेम नामंजूर. दहाच्या दहा बिलं प्रत्येकी ₹४९,००० ची, म्हणजे पन्नास हजारांवरचा माल नेताना लागणारं ई-वे बिल चुकवायला बेतून कापलेली. विकणाऱ्याची जीएसटी नोंदणी आधीच रद्द झालेली. माझ्या २बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवर दिसणाऱ्या माझ्या खरेदीच्या यादीत, त्यातलं एकही बिल नाही. फेब्रुवारीअखेर मी बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटात माल ₹६,७०,००० चा, आणि क्लेममध्ये ₹११,७५,००० चा. आणि वर कडी म्हणजे बिलांवर सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे एकाच राज्यातल्या विक्रीचा टॅक्स लावलेला. इचलकरंजी महाराष्ट्रात, मी कर्नाटकात, माल कोगनोळीचा नाका ओलांडून येतो, तर टॅक्स दोन राज्यांमधला, आयजीएसटी! हे आमच्या दुकानातलं पोरगं पण सांगेल. मी त्या कागदावर सही केली होती. विम्याच्या अटीत लिहिलेलंच असतं की क्लेममध्ये खोटेपणा सापडला तर सगळा हक्क जातो. खोट्या ₹४,९०,००० पायी खरे ₹१४,१५,००० पण गेले.

त्याचा फोन तेव्हापासून बंद.

मग सुरू झाली वारी. विमा कंपनीच्या शाखेत गेलो, साहेब म्हणाले फाईल वरच्या ऑफिसला आहे. वरच्या ऑफिसात म्हणाले, शाखेतूनच अर्ज यायला हवा. दोघांनी मिळून मला पाच वेळा फिरवलं. पोलिसांत गेलो, तर तक्रार कन्नडमध्ये आणा म्हणाले. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टला ₹३०० देऊन लिहून आणली. मग म्हणाले, पैसे दिले ते हॉटेल आमच्या हद्दीत नाही. ज्यांच्या हद्दीत होतं ते म्हणाले, माणूस कोल्हापूरचा, तिकडे जा. कोल्हापुरात म्हणाले, व्यवहार बेळगावात झालाय, तिकडेच जा. सीमाप्रश्न मी लहानपणापासून ऐकतोय, पण माझ्या एका अर्जाचा सीमाप्रश्न होईल असं वाटलं नव्हतं. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आलाय, हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो. हे मी एका हवालदाराला सांगितलं. तो म्हणाला, “घेतो की, पण खोट्या बिलांवर सही कुणाची?”

मी अर्ज घेऊन घरी आलो.

आमच्या टॅक्सवाल्यांना शेवटी सगळं सांगितलं. ते चिडले. म्हणाले, हा क्लेम मी दहा हजारांत करून दिला असता, विचारलं का नाही? काय सांगणार? आणखी एक त्यांनीच सांगितलं: जळालेल्या सुतावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीची वजावट, परत भरावं लागतं. तो फटका वेगळाच बसला. कोणी ‘क्लेमचं काम करतो’ म्हणून दारात आला तर परवाना मागा, सर्व्हेअरला आणि ब्रोकरला इर्डाईचा, म्हणजे विमा नियामकाचा असतो. माझ्या माणसाकडे फक्त व्हिजिटिंग कार्ड होतं, सोनेरी अक्षरांचं.

आता विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालांकडे बेंगळूरला अर्ज केलाय. आधी कंपनीला लेखी कळवून महिनाभर थांबावं लागतं, नामंजुरीपासून वर्षाच्या आत जावं लागतं, फी नाही, वकीलही लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचे दावे चालतात. माझ्यासारख्या एकट्याच्या धंद्याला ती वाट उघडी आहे. खरे चौदा लाख तरी वेगळे धरा, असं लिहिलंय. बिलांबद्दल पण खरं तेच लिहिलंय, मी गप्प बसलो ते सुद्धा.

चार माग चालू आहेत. जळालेले चार नामंजुरीनंतर भंगारात घातले. उद्यमबागेकडचा एक भंगारवाला आला, माझ्यासमोर काटा लावला, २,७०० किलो भरलं, तीस रुपयांनी ₹८१,००० जागेवर मोजून दिले. मी त्याच्याकडून पावती लिहून घेतली. तो म्हणाला, आजवर कुणी मागितली नव्हती.