पोस्टग्रेस की मायएसक्यूएल? आधी चुकीची क्वेरी लिहून बघा

डेटाबेस निवडताना बहुतेक जण वेगाचे आकडे शोधत बसतात. छोट्या-मध्यम कामात तो फरक सहसा जाणवतही नाही. मी वेगळंच बघतो: क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, चुकली तर हा ओरडतो, की गुपचूप काहीतरी हातावर टेकवतो?

दोन उभ्या रेघा घ्या. पोस्टग्रेसमध्ये 'पिंपरी' || 'चिंचवड' लिहिलं की शब्द जोडून मिळतात. एसक्यूएल या क्वेरीच्या भाषेचं प्रमाणही हेच सांगतं. मायएसक्यूएलच्या मूळ सेटिंगमध्ये त्याच रेघांचा अर्थ 'किंवा'. दोन्ही शब्दांची किंमत शून्य धरली जाते आणि उत्तर येतं ०. एरर नाही, नुसती वॉर्निंग, आणि वॉर्निंग वाचतं कोण? भागाकारात मात्र उलटं. ५/२ मायएसक्यूएलमध्ये अडीच, पोस्टग्रेसमध्ये चक्क २. म्हणजे सोवळं कुणीच नाही.

पोस्टग्रेसचा खरा जाच कॅपिटल अक्षरांचा. अवतरणाशिवाय लिहिलेलं नाव तो स्मॉल करून घेतो. एकदा टेबलं हलवताना मी कॉलमची नावं दुहेरी अवतरणात, कॅपिटलसकट ठेवली आणि पुढे प्रत्येक क्वेरीत ती अवतरणं वागवत बसलो. पण विसरलो की एरर तिथल्या तिथे, वर 'तुम्हाला हा कॉलम म्हणायचाय का' अशी सूचनाही.

मायएसक्यूएल आता पूर्वीइतका ढिला नाही. ५.७ पासून (२०१५) कडक मोड, म्हणजे न बसणारी किंमत आली की एरर देणं, आपोआप चालू असतो. चेकच्या अटी (कॉलममध्ये कोणती किंमत चालेल ते सांगणाऱ्या) मात्र ८.०.१६ येईपर्यंत (२०१९) तो वाचून सोडून देत असे. जुना सर्व्हर गळ्यात पडला असेल तर यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) सुद्धा तपासा: तिथे त्या नावाखाली एका अक्षराला तीनच बाइट मिळतात. देवनागरी त्यात नेमकी मावते, म्हणून चाचणीत सगळं ठीक दिसतं. इमोजीला चार लागतात.

अडलात तर विचारणार कुणाला? मायएसक्यूएल २०१० पासून ओरॅकल कंपनीचा. मूळ कर्त्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्ये मारियाडीबी वेगळा काढला. दोघांच्या वाटा इतक्या फाकल्यात की 'इन्सर्ट'नंतरचं 'रिटर्निंग' (नुकतीच भरलेली ओळ परत दाखवणारं) मारियाडीबीत चालतं, मायएसक्यूएलमध्ये नाही. सापडलेलं उत्तर कुणासाठी आहे, हे आधी बघावं लागतं. पोस्टग्रेसला मालकच नाही. बग नोंदवायचा तो मेलिंग लिस्टवर. तिथे कोड लिहिणारेच उत्तर देतात, फक्त 'क्वेरी स्लो आहे' एवढ्यावर भागत नाही, क्वेरी कशी चालली आणि वेळ कुठे गेला हे दाखवणाऱ्या 'एक्सप्लेन ॲनालाइझ'चा निकाल जोडावा लागतो. प्रत्येक मोठ्या व्हर्जनला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात.

फोनमधल्या ॲपसाठी एसक्यूलाइट. तिथे हा वादच नाही. वर्डप्रेस चालवायचं असेल तर मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी घ्या आणि मोकळे व्हा. हिशेबाचं, पैशाचं काही नव्याने उभं करत असाल तर मी पोस्टग्रेस घेईन, भागाकार सांभाळून.