व्हर्सेल की क्लाउडफ्लेअर पेजेस: इतवारीतल्या दुकानाची साइट कुठे ठेवावी?

व्हर्सेल आणि क्लाउडफ्लेअर पेजेस या साइट इंटरनेटवर ठेवायच्या सेवा. नागपूरच्या इतवारीतल्या साड्यांच्या दुकानाचा कॅटलॉग रिॲक्टमध्ये (वेबपानं बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) केला असेल, तर आधी व्हर्सेलची अट वाचा. मोफत हॉबी प्लॅन फक्त वैयक्तिक, बिगरव्यावसायिक कामासाठी आहे. दुकान म्हटलं की प्रो प्लॅन, म्हणजे महिन्याला 20 डॉलरपासून पुढे. क्लाउडफ्लेअर पेजेसच्या मोफत प्लॅनमध्ये धंद्याची साइट चालते. महिन्याला 500 बिल्ड (कोडमधून साइट तयार करण्याच्या फेऱ्या) मिळतात, स्टॅटिक म्हणजे जशाच्या तशा दिल्या जाणाऱ्या फाइलींच्या ट्रॅफिकला मर्यादा नाही. एक फाइल मात्र 25 एमबीच्या आतच हवी, त्यामुळे पदर दाखवणारे व्हिडिओ वेगळीकडे ठेवा.

नेक्स्ट जेएस हे रिॲक्टवरचं फ्रेमवर्क वापरत असाल तर व्हर्सेलच बरं, कारण ते बनवणारी कंपनी तीच. पण तिथे नव्या प्रोजेक्टची फंक्शन्स (सर्व्हरवर चालणारा कोड) मुळात वॉशिंग्टनला चालतात. डेटाबेस मुंबईत असला की प्रत्येक क्वेरी सातासमुद्रापार जाऊन येते आणि पान रेंगाळतं. सेटिंग्जमध्ये फंक्शन रीजन मुंबई निवडा आणि पुन्हा डिप्लॉय करा, म्हणजे साइट नव्याने चढवा. नुसतं सेव्ह करून भागत नाही.

आतलं पान रिफ्रेश केलं की 404 (पान सापडत नाही) येतो? व्हर्सेलवर रीराइटचा, म्हणजे सगळे पत्ते इंडेक्स पानाकडे वळवायचा नियम लिहावा लागतो. पेजेसवर 404 ची स्वतंत्र फाइल नसेल, तर ते स्वतःच इंडेक्स पान देतं.

विंडोजवर चालणारं बिल्ड या दोन्ही सेवांवर फसलं, तर आधी फाइलींची नावं तपासा. तिथे बिल्ड लिनक्सवर होतं आणि लिनक्सला लहान-मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी वाटतात.

साध्या कॅटलॉगसाठी आमचं मत पेजेसलाच.