बस कंपनी मार्ग सोडते तेव्हा: वाढीव अनुदान, किलोमीटरमागे करार की स्वतःची सेवा?

थांब्याच्या खांबाला प्लास्टिकच्या पाकिटात घालून एक कागद बांधलेला असतो. त्यावर मार्गांचे क्रमांक आणि सेवा बंद होण्याची तारीख एवढेच लिहिलेले असते, कारण दिलेले नसते. ते बहुधा त्याआधी वर्षभर चाललेल्या पत्रव्यवहारात सापडते: थकलेली बिले, न वाढलेला दर, रद्द फेऱ्यांवरून लावलेला दंड आणि सवलतीच्या प्रवासाची भरपाई किती यावर न मिटलेला वाद. रात्री दहाला पाळी संपवून रुग्णालयाबाहेर उभ्या असलेल्या परिचारिकेला मात्र शेवटची बस येणार नाही एवढेच कळते. अशा वेळी परिवहन समितीच्या सदस्यांसमोर साधारणपणे तीन पर्याय येतात आणि ते प्रत्यक्षात कसे चालतात हे निर्णयापूर्वी नीट पाहिले पाहिजे.

पहिला पर्याय आहे त्याच कंपनीला अनुदान वाढवून देण्याचा. तिकिटाचे उत्पन्न कंपनीकडेच राहते आणि तूट स्थानिक संस्था भरते. बस एक दिवसही थांबत नाही, हा याचा मोठा आणि खरा फायदा आहे. त्याची किंमत कशी मोजावी लागते हे ब्रिटनच्या अनुभवात दिसते. तेथे १९८५च्या कायद्यानुसार २६ ऑक्टोबर १९८६पासून लंडन वगळता बससेवा खुल्या बाजारावर सोपवली गेली. जे मार्ग परवडतात ते कंपन्यांनी चालवायचे आणि जे परवडत नाहीत पण समाजाला लागतात त्यांचा विचार परिषदांनी, म्हणजे तेथील स्थानिक संस्थांनी, करायचा, अशी ही विभागणी होती. परिणामी एकाच मार्गावरच्या सकाळच्या भरलेल्या फेऱ्या कंपनीच्या राहतात, तर संध्याकाळच्या आणि रविवारच्या फेऱ्यांचा खर्च परिषदेकडे येतो. परिषदेची तिजोरी आटली की नेमक्या याच फेऱ्या आधी जातात. शिवाय कोणत्या फेरीला किती तिकिटे फाटतात ही माहिती कंपनीच्या हाती असते, त्यामुळे तूट खरोखर किती आहे हे पैसे देणाऱ्याला तपासता येत नाही. ज्येष्ठांच्या मोफत प्रवासाची भरपाई हाही असाच नाजूक भाग आहे. ही सवलत २००८मध्ये संपूर्ण इंग्लंडभर लागू झाली. सवलतीमुळे कंपनीला फायदाही होऊ नये आणि तोटाही होऊ नये, असे भरपाईचे तत्त्व आहे. मात्र सवलत नसती तर त्यातले किती जण तिकीट काढून आले असते, याचा अंदाज दोन्ही बाजू वेगवेगळा बांधतात.

दुसऱ्या पर्यायात तिकिटाचे सारे उत्पन्न स्थानिक संस्था घेते आणि कंपनीला धावलेल्या किलोमीटरमागे ठरलेला मोबदला देते. मार्ग, वेळापत्रक आणि भाडे लोकनियुक्त संस्थेच्या हाती राहते, म्हणून माझा कल या पद्धतीकडे आहे. लंडनमध्ये बसमार्गांच्या निविदा १९८५पासून निघत आल्या आहेत. १९९०च्या दशकात तेथे काही काळ उत्पन्नाची जोखीम कंपन्यांवर टाकून पाहण्यात आली, पण पुढे ती पद्धत सोडावी लागली आणि २००१पासून ठरलेल्या मोबदल्याला सेवेच्या दर्जाप्रमाणे बक्षीस व कपात जोडलेले करार सुरू झाले. प्रवासी वाढवणारे निर्णय, म्हणजे भाडे, मार्ग आणि रस्त्यावरची बसमार्गिका, कंपनीच्या हाती नसतील तर प्रवासी घटण्याची जोखीम तिच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

तरीही ही पद्धत आपोआप टिकत नाही. मुंबईत बेस्ट उपक्रमाने २०१९पासून भाडेतत्त्वावर मोठ्या संख्येने बस घेतल्या. तिकिटाच्या उत्पन्नाशी कंत्राटदारांचा संबंध नव्हता, पण मिळणारा दर परवडत नाही असे सांगून काहींनी मुदतीआधीच बस काढून घेतल्या. ऑगस्ट २०२३मध्ये कंत्राटी चालकांनी वेतनासाठी काम बंद केले, तेव्हा प्रवाशांचे हाल झाले. कराराचे दुखणे कुठे असते हे पाहण्यासाठी एक हिशेब मांडतो. समजा किलोमीटरचा दर १०० आहे आणि खर्च ९४, त्यात वेतनाचे ५५ आणि इंधनाचे २०. वर्षात वेतन १० टक्क्यांनी आणि इंधन १५ टक्क्यांनी वाढले तर खर्च १०२.५वर जातो. कराराने दर ३ टक्क्यांनीच वाढला असेल तर तो १०३ होतो आणि ६चा नफा ०.५वर येऊन ठेपतो. त्यातच बिल चार महिने रखडले की कर्जाच्या व्याजात तेवढेही उरत नाही. निविदा सर्वांत कमी दराने घेतली याचे समाधान मानणाऱ्या समितीने भाववाढ कलमाची दोन पाने पुन्हा एकदा वाचावीत. वेतन, इंधन आणि सुटे भाग यांचा वाटा वेगवेगळा धरून दर बदलणारे सूत्र त्यात नसेल, तर तो स्वस्त दर दोन वर्षांत महाग पडतो. न धावलेल्या किलोमीटरचेही तसेच आहे. वाहतूक कोंडीत अडकून चुकलेली फेरी आणि चालक नसल्याने रद्द झालेली फेरी यांना एकच दंड लावला, तर वाद हमखास पेटतो.

तिसऱ्या पर्यायात स्थानिक संस्था स्वतःच बस चालवते. नॉटिंगहॅम, रेडिंग आणि एडिनबरा येथे सार्वजनिक मालकीच्या कंपन्या आजही चालू आहेत. नफा बाहेर जात नाही आणि मार्ग सोडून जाण्याची धमकी राहत नाही. मात्र बसखरेदी, कार्यशाळा, चालकांचे निवृत्तिवेतन आणि दुरुस्तीचे कौशल्य हे सारे एका आर्थिक वर्षात उभे करता येत नाही, आणि निधी न देता मालकी तेवढी घेतली तर तीच बस आगारात नादुरुस्त उभी राहते.

या तिन्हींच्या मुळाशी आगाराचा प्रश्न आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. ज्याचे आगार त्याचीच निविदा, असे चित्र असेल तर दुसरी कंपनी येणारच नाही आणि येईल तो दर मुकाट्याने मान्य करावा लागेल. इंग्लंडमधील ग्रेटर मँचेस्टरने बससेवेची सूत्रे हाती घेताना आगारेही सार्वजनिक ताब्यात आणली, हे मला त्या सुधारणेतले सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते. पण तेथे लागलेला वेळ पाहा: कायद्याने अधिकार २०१७मध्ये मिळाला, निर्णय मार्च २०२१मध्ये झाला, कंपन्यांनी न्यायालयात दिलेले आव्हान २०२२मध्ये फेटाळले गेले, पहिला टप्पा सप्टेंबर २०२३मध्ये सुरू झाला आणि शेवटचा ५ जानेवारी २०२५ रोजी. याउलट इंग्लंडमध्ये मार्ग बंद करणाऱ्या कंपनीला आधी परिषदेला आणि मग नोंदणी अधिकाऱ्याला मिळून ७० दिवसांचीच सूचना द्यावी लागते. दुसरा किंवा तिसरा पर्याय त्या ७० दिवसांत पुरा होण्यासारखा नाही.

म्हणून निर्णयाचे दोन भाग करावेत. सूचना हाती आल्यावर, आहे त्याच कंपनीशी फार तर एक वर्षाचा अनुदान करार करावा आणि पहिला हप्ता देण्यापूर्वी फेरीनिहाय प्रवासी व तिकीट उत्पन्नाचे आकडे देण्याची अट त्यात घालावी. त्या वर्षात आगाराची जागा ताब्यात घ्यावी किंवा निदान दीर्घ मुदतीच्या भाड्याने मिळवावी आणि सेवा बदलली तरी आहेत तेच चालक कामावर राहतील अशी तरतूद नव्या निविदेत करावी. जागा मिळाली आणि किमान तीन कंपन्या निविदा भरण्यास तयार असल्या तर किलोमीटरमागचा करार करावा. एकच कंपनी पुढे आली तर काही मार्गांपुरती का होईना, स्वतःची सेवा उभारण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरावा. आकडे हाती आले नाहीत तर मात्र, कितीही घाई असली तरी, पाच वर्षांच्या कोणत्याही करारावर सही करू नये.