लेखकाकडून 'सुरक्षा ठेव' मागणारा निर्माता

मालिकेच्या लेखकाचे मानधन नव्वद दिवसांनी निघते आणि तेही पाठपुरावा केल्यावर, हे या धंद्यातल्या कोणाला सांगावे लागत नाही. त्यामुळे वागळे इस्टेटमध्ये कार्यालय थाटलेल्या एका निर्मितीसंस्थेने प्रतिभाग ८,००० रुपये आणि पहिल्या बारा भागांचे पैसे तीस दिवसांत देण्याचे कबूल केले, तेव्हा मी हुरळलो. संवाद लिहून घर चालवणारा दुसरा कोणीही हुरळला असता.

करारापूर्वी 'लेखक सुरक्षा ठेव' म्हणून २५,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,५०० रुपये, एका व्यक्तीच्या बचत खात्यात भरायला लावले. मी विचारलेही होते. "सर, प्रत्येक मालिकेची वेगळी फर्म असते, तिचे खाते उघडायचे आहे," असे उत्तर मिळाले, आणि अशा फर्म खरोखरच असतात. पावतीवर मात्र जीएसटी क्रमांक नव्हता. करार तर जानेवारी २०२५ चा असूनही शंभराच्या मुद्रांकावर होता. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा कराराला किमान ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. सही करताना माझा अंगठा त्या शंभराच्या आकड्यावरच टेकलेला होता आणि मी सोबतच्या कथासारातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारत बसलो होतो!

बायबल (मालिकेच्या कथेचा आणि पात्रांचा आराखडा), वनलाइन (भागांचा थोडक्यात गोषवारा) आणि बारा भागांची पटकथा-संवाद हाती पडताच त्यांचे फोन बंद झाले. खिशातून २९,५०० रुपये गेले आणि ९६,००० रुपयांचे मानधन बुडाले.

पोलीस ठाण्यात "हा दिवाणी मामला आहे" म्हणून सायबर कक्षाकडे पाठवले. तिथे "पैसे तुम्हीच स्वतःहून पाठवलेत" म्हणून पुन्हा पोलीस ठाण्याकडे. अर्जाची पोहोच मागितली तर साहेब बंदोबस्ताला गेलेले. "कथा चोरली म्हणजे नेमके काय चोरले?" असे एका अधिकाऱ्याने हसत विचारले. कॉपीराइट कायदा १९५७ पासून अस्तित्वात आहे, हे त्यांना मी सांगायचे?

पैसे गेल्यागेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते. नुसत्या कल्पनेला कॉपीराइट मिळत नाही, म्हणून तोंडी ऐकवण्याआधी कथा सविस्तर लिहून स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा. रॉयल्टीवर पाणी सोडायला लावणारे कलम वाचून गप्प बसू नका, कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने तो हक्क लेखकाकडे राखला आहे. ठेव मागितली की उठा. हाच निर्माता आता ऐरोलीत नव्या नावाने बैठका घेतो आहे, आणि माझ्या ओळखीच्या एका लेखिकेकडे त्याने पुन्हा तेच २५,००० रुपये मागितले आहेत.