अस्वलं बघायला जायचंय, पण कुठे? धबधबा, बर्फ, पाऊस की लाकडी खोपटं

अस्वलं बघायची गाइडेड ट्रिप ठरवली की सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात, किती जवळून दिसतात? मी पण हाच विचारला होता. आता दोन ट्रिपा झाल्यावर (एक अलास्का, एक फिनलंड) माझं मत असं झालंय की जवळ-लांब सोडा, एकच अस्वल सलग किती वेळ बघायला मिळणार आणि ते तिथे स्वतःच्या कामासाठी आलंय की कोणीतरी खायला टाकलंय म्हणून आलंय, हे आधी विचारा. निम्म्या ट्रिपा तिथेच गळतात. खाली ज्या जागांना मी गेलेले नाही त्यांच्याबद्दल वाचून, जाऊन आलेल्यांशी बोलून लिहितेय, ते तेवढं लक्षात ठेवा.

सुरुवात ब्रूक्स फॉल्सपासून, कारण सगळ्यांची यादी तिथूनच सुरू होते. अलास्कातलं कॅटमाई नॅशनल पार्क, धबधब्याच्या काठावर तोंड उघडून उभं असलेलं तपकिरी अस्वल आणि त्याच्या तोंडात उडी मारणारा मासा, तो फोटो इथलाच. जुलैत सॉकाय सॅमन समुद्रातून नदीत वर चढतात तेव्हा धबधब्यावर गर्दी असते, सप्टेंबरमध्ये अंडी घालून दमलेले, मेलेले मासे खायला अस्वलं परत येतात, आणि मधल्या ऑगस्टमध्ये बरीचशी दुसऱ्या ओढ्यांवर पांगतात. म्हणजे ऑगस्टची सुट्टी आहे म्हणून ऑगस्टचं बुकिंग केलं तर पस्तावाल. रस्ता नाहीच, किंग सॅमन नावाच्या छोट्या गावातून पाण्यावर उतरणारं विमान घेऊन जायचं. उतरल्या उतरल्या आधी रेंजर तुमची शाळा घेतात, अस्वलापासून ४५ मीटर तरी लांब राहायचं, वाटेवर खाण्याचं काहीही जवळ ठेवायचं नाही, वगैरे, आणि मग एक छोटा बिल्ला मिळतो.

इथली खरी मजा म्हणजे एकाच जागी बसून वेगवेगळ्या सवयी दिसतात. मी ज्या नराकडे बराच वेळ बघत होते तो धबधब्याच्या खाली फेसात गळ्यापर्यंत बसला होता (त्या जागेला तिथे सगळे जकुझीच म्हणतात), हलत नव्हता, डोळे अर्धे मिटलेले, आणि मधेच खांदा जरासा खाली गेला की समजायचं पायाखाली मासा दाबलाय. मग मान खाली, मासा वर, दोन पंजात धरून आधी कातडं ओरबाडून काढायचं. भूक असते तोपर्यंत अख्खा मासा जातो, पोट भरत आलं की फक्त कातडं, मेंदू आणि अंडी, बाकी सोडून दिलं, खाली सीगल टपलेलेच असतात. शेजारी एक तरुण अस्वल उगाच पाण्यात धावाधाव करून काहीच मिळवत नव्हतं. हा फरक अर्ध्या तासात कळतो, पण कळायला तो अर्धा तास लागतोच.

आणि तिथेच ब्रूक्सची अडचण आहे. धबधब्याच्या प्लॅटफॉर्मवर एका वेळी ४० माणसं, गर्दीच्या दिवसात नाव लिहून थांबायचं, नंबर आला की एक तास मिळतो, मग खाली उतरून परत नाव लिहायचं. एका दिवसासाठी उडून आलेल्या लोकांचं तर घड्याळाकडेच जास्त लक्ष असतं. माझं स्पष्ट मत, ब्रूक्सला जायचं तर किमान दोन रात्री राहायचं, नाहीतर वेबकॅम लावून घरी बसा, चेष्टा नाही, तो वेबकॅम खरंच चांगला आहे. ज्या ओटिस नावाच्या, ४८० नंबरच्या अस्वलाने २०१४ची पहिली जाड्या अस्वलाची स्पर्धा (सगळ्यात गुबगुबीत अस्वल कोणतं हे लोक ऑनलाइन मतं देऊन ठरवतात) जिंकली आणि नंतर अजून तीनदा जिंकला, त्याला बऱ्याच लोकांनी फक्त कॅमेऱ्यावरच ओळखायला शिकलंय.

आता मॅकनील रिव्हर. हेही अलास्काच, कॅटमाईच्या उत्तरेला लागून, पण सगळाच मामला वेगळा. १९६७ पासून हे राज्याचं अभयारण्य आहे, राज्याचं वन्यजीव खातं चालवतं, आणि दिवसाला फक्त १० जणांना गाइडेड परमिट, तेही लॉटरीने. नंबर लागला तर चार दिवस मिळतात. स्वतःचा तंबू, स्वतःचं जेवण, रोज चिखलातून, ओढ्यातून तीनेक किलोमीटर चालत जायचं आणि तेवढंच परत, बरोबर खात्याचा बंदूकधारी माणूस. धबधब्यापाशी प्लॅटफॉर्म वगैरे काही नाही, खडीच्या एका ठरलेल्या तुकड्यावर बसायचं आणि तिथून हलायचं नाही. एका वेळी ८० पर्यंत अस्वलं त्या धबधब्यावर मोजली गेलीत! आणि परमिट पद्धत सुरू झाल्यापासून कोणा पाहुण्याला अस्वलाने इजा केलेली नाही.

का नाही केली, हे मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं. माणसं रोज त्याच वेळी येतात, त्याच वाटेने, तेवढीच, त्याच जागी बसतात, खायला देत नाहीत आणि मागे लागत नाहीत, त्यामुळे अस्वलांच्या दृष्टीने आपण म्हणजे रोज तिथेच दिसणारा एक दगड. पिल्लांना घेऊन आलेली एखादी मादी तर माणसांच्या जवळच येऊन बसते कारण मोठे नर तिकडे फिरकायला कचरतात. म्हणजे इथे बघता बघताच अभ्यास होतो, वेगळा कोर्स लागत नाही. तोटा उघड आहे, नंबर लागत नाही. मी दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा गेला.

फिनलंड याच्या अगदी उलट. कुहमो, मार्टिनसेल्कोनेन या भागात, रशियाच्या सीमेला चिकटून जी जंगलं आणि दलदल आहे तिथे लाकडी हाइड, म्हणजे लपून बघायची खोपटं, बांधलेत, दुपारी आत जायचं आणि सकाळी गाइड न्यायला येईपर्यंत बाहेर पाऊल टाकायचं नाही. बाहेर अस्वलांसाठी खाणं ठेवलेलं असतं, ते लपवत नाहीत, सरळ सांगतात. अस्वल दिसण्याची शक्यता त्यामुळे खूप जास्त, आणि उन्हाळ्यात रात्र अशी होतच नाही, मध्यरात्री फोटो निघतात. खर्चाला पण उत्तर अमेरिकेच्या मानाने बरंच हलकं.

मी ज्या हाइडमध्ये होते त्यात दोन बंक, एक बादली संडास, आणि भिंतीला लेन्ससाठी भोकं, त्यावर कापडाची बाही शिवलेली. पहाटे एक अस्वल इतकं जवळून गेलं की भिंतीतून त्याचा श्वास ऐकू येत होता, जाड, ओला, थोडा शिट्टीसारखा, आणि आम्ही दोघी शिंक दाबून बसलेलो. तो क्षण मी विसरणार नाही. पण खरं सांगायचं तर रात्रभर आम्ही जे बघितलं ते बहुतेक येणं, खाणं, दुसऱ्याला हाकलणं आणि जाणं एवढंच होतं. फोटोसाठी जाताय तर डोळे मिटून फिनलंड. अस्वल जंगलात दिवसभर काय करतं हे बघायचंय तर तिथे ते दिसणार नाही, ते फक्त ताटावर बसलेलं दिसेल.

चर्चिल म्हणजे ध्रुवीय अस्वलं, कॅनडात हडसन बेच्या काठावर, ऑक्टोबर-नोव्हेंबर. गावाला रस्ता नाही, विमानाने किंवा विनिपेगहून ट्रेनने, आणि ट्रेनला दोन दिवस लागतात. उंच चाकांच्या मोठ्या बग्ग्यांमधून फिरवतात, अस्वलं खाडीवर बर्फ धरायची वाट बघत पडलेली असतात, कित्येक आठवड्यांची उपाशी, त्यामुळे शक्ती वाचवत बराच वेळ नुसती लोळत असतात. कंटाळवाणं वाटेल काहींना. पण थंडी वाढली की तरुण नर मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांशी खोटी खोटी कुस्ती खेळतात, ते बघायला लोक परत परत जातात. गावात शिरणाऱ्या अस्वलांसाठी इथे चक्क तुरुंग आहे. हवामान बदल हा शब्द इथे भाषणातला राहत नाही, पश्चिम हडसन बेच्या अस्वलांचा अंदाज २०१६ ला ८४२ होता तो २०२१ च्या हवाई मोजणीत ६१८ वर आला. अभ्यासाची आवड असेल तर बग्गीवाल्या पॅकेजऐवजी चर्चिल नॉर्दर्न स्टडीज सेंटरच्या लर्निंग व्हेकेशन बघा, संशोधन केंद्रातच राहायचं, बंकवर झोपायचं, संध्याकाळी लेक्चर. आरामदायक हॉटेल हवं असेल तर ते तुमच्यासाठी नाही.

ब्रिटिश कोलंबियाचं ग्रेट बेअर रेनफॉरेस्ट हे संयम असलेल्यांचं काम. तिथे काळ्या अस्वलाचं पांढरं रूप आहे, स्पिरिट बेअर, आई-बाप दोघे काळे असले तरी दोघांकडे तो छुपा जीन असेल तर पिल्लू पांढरं होऊ शकतं. दिवसा मासे पकडताना पांढऱ्याला फायदा होतो असं संशोधनात दिसलंय, बहुधा पाण्यातून वर बघणाऱ्या माशाला उजळ आकाशापुढे ते कमी जाणवतं. सप्टेंबर-ऑक्टोबर, बोटीने जायचं, ओढ्याकाठी ओल्या दगडावर तासन् तास बसायचं, पाऊस पडत राहतो, आणि पांढरं दिसेलच अशी हमी कोणी देत नाही, देत असेल तर त्याच्याकडे बुकिंग करू नका. माझ्या दृष्टीने मोठा प्लस म्हणजे इथल्या काही ट्रिपा स्थानिक आदिवासी लोक स्वतः चालवतात, क्लेमटू गावातले किटासू झाईझाईस लोक उदाहरणार्थ, आणि अस्वलं अर्धवट खाल्लेले मासे जंगलात नेऊन टाकतात म्हणून झाडांना समुद्रातला नायट्रोजन मिळतो हे त्या मोठ्या सीडर झाडांखाली उभं राहून ऐकणं वेगळंच असणार.

स्पेनमधलं सोमिएदो पटकन सांगते. डोंगराच्या या बाजूला टेलिस्कोप लावायचा, समोरच्या उतारावर अस्वल शोधायचं. लांब दिसतं, फोटो ठिपक्यासारखा येतो, कधी काहीच दिसत नाही. पण वसंतात पिल्लांबरोबरची मादी दोन तास चरताना दिसली तर तिला माणसं आहेत हे माहीत पण नसतं. कमी बजेट, लहान सुट्टी असेल तर हे मी फिनलंडच्या वर ठेवेन, माझ्याशी भांडणारे भेटतील.

मिनेसोटातल्या ईली इथे काळ्या अस्वलांचे खास कोर्स वर्षानुवर्षं चालत आलेत, हाताने खायला देऊन माणसाळवलेल्या अस्वलांजवळ बसून शिकायचं. शिकायला भरपूर मिळतं यात शंका नाही, पण २०१३ मध्ये राज्याच्या वन्यजीव खात्याने तिथल्या संशोधकाचं अस्वलांना रेडिओ कॉलर (माग काढणारा पट्टा) घालायचं परमिट पुढे चालू ठेवायला नकार दिला आणि प्रकरण कोर्टात गेलं. हाताने खायला घालणं पटत असेल तर जा, मला पटत नाही.

बुकिंगआधी टूरवाल्याला तीन गोष्टी विचारा. ग्रुपमध्ये किती जण, एका जागी सलग किती तास, आणि बरोबर येणारा माणूस नक्की कोण. मला एका ट्रिपमध्ये निसर्गतज्ज्ञ म्हणून दिलेला माणूस ड्रायव्हर निघाला, स्वभावाने चांगला होता बिचारा, पण नर-मादी विचारलं की "मोठं आहे" एवढंच सांगायचा.

आणि तारखांचं बघा, कारण इथेच लोक चुकतात. मॅकनीलचा अर्ज १ मार्चपर्यंत टाकावा लागतो, ब्रूक्सच्या कॅम्पग्राउंडचं बुकिंग जानेवारीतच उघडतं आणि जुलैच्या जागा बघता बघता संपतात. मी यंदा दोन्ही करणारे, आधी ब्रूक्सच्या सप्टेंबरच्या दोन रात्री धरून ठेवायच्या, मॅकनीलचा तिसरा अर्ज टाकायचा, आणि मार्चमध्ये परत नकार आला तर सोमिएदोसाठी टेलिस्कोप कोणाकडे उसना मिळतो ते बघायचं.