इलेक्ट्रिक प्रेशर कुकर: वर्ष होत आलं वापरून, आता सविस्तर लिहिते

ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतच असतं की तो इलेक्ट्रिक कुकर घेतलात तो कसा आहे, आम्ही पण घेऊ का, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. सगळ्यात आधी सरळ सांगते, स्वयंपाक लवकर व्हावा म्हणून घेणार असाल तर घेऊ नका. वेळ वाचत नाही. गॅसवरच्या कुकरला वरण-भात वीस मिनिटांत होतो, याला पस्तीस-चाळीस लागतात. वाचतं ते त्याच्यापाशी उभं राहणं, शिट्ट्या मोजणं, आणि आंघोळीला जाताना "कुकर बंद कर गं कुणीतरी" असं ओरडणं. आमच्या घरात याच एका गोष्टीला फार किंमत आहे, म्हणून आम्ही खूष आहोत.

आमच्याकडे घेण्याचं कारण म्हणजे नाना, माझे वडील. पुण्यात आमच्याकडेच असतात, ऐंशीच्या जवळ आलेत, हातपाय उत्तम पण ऐकू कमी येतं, आणि घरात असताना कानातलं मशीन काढून ठेवतात. आम्ही दोघं सकाळी बाहेर पडतो, दुपारचं ताजं गरम त्यांना स्वतःचं स्वतः करून खायला आवडतं, आणि तो त्यांचा हट्ट मला योग्यच वाटतो. पण शिट्टीवर चालणारा कुकर म्हणजे कानावर चालणारा कुकर. शिट्टी ऐकूच आली नाही की पाणी आटेपर्यंत गॅस चालू. त्यामुळे आपला आपण बंद होणारा कुकर पाहिजे होता, बाकी बारा-चौदा प्रोग्रॅम आहेत की नाहीत याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं.

हा चालतो कसा ते थोडक्यात, कारण ते कळलं की बाकीच्या निम्म्या शंका जातात. आपला शिट्टीवाला कुकर साधारण १५ पीएसआय (पीएसआय हे दाब मोजायचं माप) दाबावर चालतो, म्हणजे आत १२०-१२१ डिग्री. इलेक्ट्रिक कुकर बहुतेक १० ते १२ पीएसआयवर थांबतात, आत ११५ ते ११८ डिग्री. एवढ्याशा फरकानेच डाळीला दोन-चार मिनिटं जास्त लागतात. पण यात दाब आला की तो स्वतः हीटर चालू-बंद करत राहतो, वाफ बाहेर सोडत नाही, म्हणून शिट्टी नाही, पाणी फारसं आटत नाही, आणि गॅसवरच्यापेक्षा पाणी कमी घालावं लागतं. वेळ संपली की हीटर बंद आणि मग गरम ठेवण्याचा मोड. झाकणावर दाब दाखवणारी छोटी पिन असते, ती खाली पडल्याशिवाय झाकण उघडतच नाही. ही पिन नानांना फार आवडली, कारण डोळ्यांनी दिसते, ऐकावं काहीच लागत नाही.

आता कोणता घ्यायचा. साइझ आधी ठरवा. तीन लिटर दोघांना पुरतो पण आपले कुकरचे डबे त्यात एकावर एक बसत नाहीत, आणि मराठी घरात खाली डाळ वर भात असे डबे लावता आले नाहीत तर त्या कुकरचा उपयोग अर्धाच. म्हणून चार माणसांना पाच-सहा लिटरचा. लिटरच्या आकड्यावर जाऊ नका, डाळ-कडधान्यं फुगतात, फेस येतो, ती अर्ध्याच्या वर भरायची नाहीत, आणि बाकी काहीही दोन तृतीयांशच्या वर नाही. म्हणजे सहा लिटरमध्ये प्रत्यक्षात तीन लिटरची उसळ. आपले डबे घेऊन दुकानात जा आणि तिथेच बसवून बघा, आम्ही तसंच केलं, दुकानदाराला काही वाटलं नाही.

दुसरं, आतलं भांडं स्टीलचंच घ्या. नॉनस्टिकचं भांडं पहिले काही महिने छान दिसतं पण आपल्याकडे भांडी घासायला तारेची घासणी असते, मावशींना कितीही सांगितलं तरी एखाद दिवशी ती फिरतेच, आणि मग नवीन भांडं शोधत बसा. स्टीलला चिकटतं थोडं, पण भिजवलं की निघतं.

तिसरं म्हणजे आयएसआय मार्क बघाच. ऑनलाइन स्वस्त काहीबाही मिळतं, २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मोठमोठ्या ऑनलाइन दुकानांना हा मार्क नसलेले प्रेशर कुकर विकू दिले म्हणून एकेक लाख रुपये दंड केला होता, तेव्हा मोठं नाव बघून डोळे झाकून ऑर्डर करू नका. आणि अमेरिकेतून भाऊ येतोय, तिकडे सेलमध्ये स्वस्त आहे, आणू का, असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. तिकडची लाइन १२० व्होल्टची आणि आपली २३०, हजार वॅटच्या वस्तूला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर कुकरएवढाच जड होतो. इंस्टंट पॉट नावाचा इलेक्ट्रिक कुकर २०१० साली आला आणि तिकडे त्याची प्रचंड हवा झाली, त्यामुळे तिकडच्या नातेवाइकांचा आग्रह असतो. आग्रहाबद्दल आभार मानायचे आणि कुकर इथलाच घ्यायचा, गॅस्केट इथे मिळते.

विजेचं विचारतात सगळे. आमचा १००० वॅटचा आहे, म्हणजे साडेचार अँपियरच्या आत, साध्या ६ अँपियरच्या पॉइंटवर चालतो, पण पॉइंट चांगला घट्ट हवा, आणि मिक्सर-कुकर-किटली एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावणं साफ बंद. प्लगला लावायचा छोटा मीटर आहे आमच्याकडे, त्यावर वरण-भाताला पाव ते अर्ध्या युनिटच्या मधलं काहीतरी दिसतं, कारण हजार वॅट तो सगळा वेळ खेचत नाही, दाब येईपर्यंतच. मात्र महावितरणच्या बिलात १०० युनिटनंतर दर चढतो आणि ३०० नंतर आणखी, त्यामुळे घरात एसी-गीझर चालत असेल तर गॅसपेक्षा स्वस्त पडेल अशी आशा ठेवू नका. मध्येच लाइट गेली तर? एकदा दाब आला असेल तर घाबरायचं कारण नाही, भांडं बंद आहे, गरम आहे, वरण बहुतेक वेळा आतल्या उष्णतेवरच शिजून निघतं. दाब यायच्या आधीच गेली तर मात्र पुन्हा पहिल्यापासून.

आता स्वयंपाक, माझ्या वह्यांमधलं सगळं उतरवत नाही, जे रोज लागतं तेवढं सांगते.

वरण-भात: भांड्यात पेलाभर पाणी, जाळी, खाली तूरडाळीचा डबा (अर्धा तास भिजवलेली, हळद, हिंग, दोन थेंब तेल), वर तांदळाचा. दहा मिनिटं हाय प्रेशर आणि मग वाफ आपोआप जिरू द्यायची, दहा-पंधरा मिनिटं. डाळ अशी शिजते की पळीनेच घोटली जाते. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर असेल तर भात मऊ होतो, नानांना तोच हवा असतो. मोकळा कोलम पाहिजे तर भात वेगळा लावायचा, सहा मिनिटं पुरतात.

कडधान्यांत याची खरी कमाल आहे. रात्रभर भिजवलेले छोले वीस-पंचवीस मिनिटांत बोटाने दाबले की लोणी. राजमाही तसाच, पण एक गोष्ट कळकळीने सांगते, या कुकरांत स्लो कुक नावाचं एक बटण असतं, राजमा त्याच्यावर कधीही करायचा नाही. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं, ते जायला राजमा नीट खळखळून उकळावा लागतो, मंद आचेवर ते नुसतं टिकून राहतं आणि उलट्या-जुलाब होतात. प्रेशरवर शिजवला की प्रश्न नाही. भिजवलेलं पाणी फेकून द्या. मोड आलेल्या मटकीला एक मिनिट, जास्तीत जास्त दोन, आणि वाफ लगेच सोडायची, नाहीतर मटकी राहत नाही, पिठलं होतं. वालाच्या डाळिंब्या मी यात करतच नाही. सोलताना एवढा जीव घालवायचा आणि मग दाबाखाली त्यांचा चुरा करायचा, हे मला पटत नाही, त्या कढईतच, झाकणावर पाणी ठेवून.

पुरणाची डाळ याच्यात लावा, खरंच लावा. होळीला केली होती, दोन तास भिजवलेली हरभरा डाळ, पंधरा मिनिटं, वाफ आपोआप जिरलेली, एक दाणा कच्चा नाही आणि खाली लागलेली तर अजिबात नाही, वर कटाच्या आमटीला भरपूर दाट कट मिळाला. पुरण आटवायचं मात्र जाड बुडाच्या पातेल्यात गॅसवरच, ते काम याचं नाही. मटणाला पंचवीस-तीस मिनिटं लागतात, रस्सा सुंदर उतरतो. भुईमुगाच्या ओल्या शेंगा मीठ घालून बारा-पंधरा मिनिटं. मोदक आणि अळूवड्यांना वाफेचा मोड आहे, पण सहा लिटरमध्ये एका वेळी मोदक मावतात किती, गणपतीत मोठा मोदकपात्रवाला डबाच बाहेर काढावा लागतो.

दही! यासाठी स्वतंत्र लिहायला हवं खरं तर. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत दही लागता लागत नाही, मग कुणी कणकेच्या डब्यात ठेवतं कुणी ओव्हनमध्ये बल्ब लावून. याच्या दह्याच्या मोडमध्ये ४० ते ४३ डिग्री राहतं, दूध उकळून कोमट करून विरजण लावायचं आणि रात्री ठेवून द्यायचं, सकाळी सुरीने कापावं असं दही. उन्हाळ्यात मी हा मोड लावत नाही, गरज नाही आणि आंबट होतं.

जमत नाही ते पण सांगते. फोडणी. सॉटे, म्हणजे परतण्याचा मोड आहे, तापतंही बऱ्यापैकी, पण स्टीलच्या भांड्याचं बूड मध्ये किंचित फुगीर असतं, तेल सगळं कडेला पळतं आणि मोहरी मध्ये कोरडी बसते. आमटीची फोडणी मी गॅसवर कढल्यात करून वरून ओतते, चव तीच लागते आणि डोकं शांत राहतं. कांदा-टोमॅटो परतून त्यातच रस्सा करायचा असेल तर परतून झाल्यावर पाणी घालून बूड उलथन्याने नीट खरवडून मगच झाकण लावा, नाहीतर बुडाला चिकटलेल्या मसाल्यामुळे तो "बर्न" दाखवून थांबतो. दाट वाटणाच्या भाज्या, बेसन लावलेलं काहीही, डब्यात घालून जाळीवर ठेवा. भाकरी-पोळीचा तवा, पोहे, भरली वांगी, मासे, हे सगळं आपलं जिथे आहे तिथेच. म्हणजे गॅस काढून टाकता येत नाही, कुणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

वाफ सोडताना कुकर कपाटाखालून बाहेर ओढा. जोरात वर येते ती आणि रोज तिथेच लागली की लॅमिनेट फुगतं. डाळीची वाफ लगेच सोडू नका, पिवळा फेस भिंतीभर उडतो. आणि झाकणाच्या आतलं रबर, म्हणजे सिलिकॉनची रिंग, वास धरून ठेवते. मटणानंतर त्याच रिंगवर दही लावलंत तर दह्याला रश्श्याचा वास, म्हणून दोन रिंगा ठेवा, एक तिखटाची एक गोडाची, धुऊन उन्हात टाका. कंपनीकडे जादा रिंग मागितली तर यायला इतके आठवडे लागले आणि इतके फोन करावे लागले की मी आता सगळ्यांना सांगते, कुकर घेतानाच बिलात दोन रिंगा आणि पिनेची ती चिमुकली रबरी टोपी टाकायला लावा. ती टोपी धुताना मोरीत गेली तर दाबच धरत नाही कुकर.

घरात वयस्कर माणूस वापरणार असेल तर आणखी थोडं. बटणांवरची अक्षरं बारीक आणि इंग्रजी. आम्ही वरण-भाताच्या बटणावर लाल टिकली लावली आणि बंद करायच्या बटणावर काळी, नाना बाकीच्या बटणांकडे बघतही नाहीत. आतलं भांडं नसताना त्यात पाणी-तांदूळ ओतले गेले तर खाली थेट हीटरवर जातात आणि मशीन कामातून जातं, त्यामुळे आमच्याकडे धुतलेलं भांडं पुसून लगेच कुकरमध्येच ठेवायचं असा नियम आहे, ओट्यावर ठेवायचं नाही. खालचं मशीन नळाखाली धरायचं नाही हे भांडी घासणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी प्रत्यक्ष दाखवा. भरलेला कुकर उचलायलाही लावू नका, पाच-सहा किलो तर नुसता रिकामाच असतो, एकदा जागा ठरवली की तिथेच राहू दे.

आणि दुकानात गेलात की ज्या माणसासाठी घेताय त्यालाच झाकण लावून-काढून बघायला सांगा. काही झाकणं फिरवायला मनगटात जोर लागतो, काहींना वर दांडा असतो आणि ती सहज फिरतात. आम्ही बघितलेल्यांत सगळ्यात महागडं मॉडेल नानांना फिरवताच येईना, ते तिथेच ठेवलं आणि त्याच्या शेजारचं, कमी बटणांचं, घेतलं.