रिअ‍ॅक्टर मॉनिटरिंगच्या नावाखाली १३,८४,१४० रुपये गेले, तुम्ही सावध राहा

वाळूजला माझं स्टायरीन-अ‍ॅक्रिलिक इमल्शनचं (पाण्यात मिसळलेल्या पॉलिमरचं) छोटं युनिट आहे, दोन टनांची एकच केटल, म्हणजे रिअ‍ॅक्टर. रिअ‍ॅक्शन किती टक्के झाली ते स्क्रीनवर क्षणोक्षणी दाखवणार आणि कच्चा माल सोडणारा फीड पंपही आपोआप कमी-जास्त करणार, असं सांगून एका परगावच्या कंपनीने मला साधा तापमानाचा सेन्सर विकला. किंमत १२,५०,०००, वर जीएसटी २,२५,०००. ऑर्डरबरोबर ५,९०,००० दिले, माल निघण्याआधी ७,३७,५००, आणि ‘क्लाउड लायसन्स’चे ५६,६४० वेगळे. शेवटचे १,४७,५०० तेवढे हातात राहिले. कंपनीचं नाव वकिलांनी लिहू दिलेलं नाही.

असल्या भानगडीत पडलात कशाला, असं मला नातेवाइकांपासून सगळ्यांनी ऐकवलं. मे महिन्यात मराठवाड्यात केटल चालवलेला माणूस हे विचारणार नाही. पाणी टँकरचं, आणि जॅकेटला (केटलभोवतीच्या थंड पाण्याच्या आवरणाला) जातं तेव्हाच कोमट. इमल्शनमध्ये मोनोमर (ज्याचं पॉलिमर होतं तो कच्चा माल) हळूहळू सोडायचा आणि पडेल तसा तो संपत राहिला पाहिजे. तो साचला आणि मग एकदम रिअ‍ॅक्शनला लागला, की निघालेली उष्णता जॅकेटला आवरत नाही. ७ मे २०२० ला विशाखापट्टणमला टाकीत नुसतं साठवलेलं स्टायरीन आपोआप पॉलिमर होत तापलं, वाफ वस्तीत शिरली, माणसं मेली. माझ्याकडे रात्रपाळीला तरुण पोरं असतात. त्यांच्यासाठी घेतलं मी हे.

आणि तंत्र खोटं नाही. रामन प्रोबमध्ये (लेसर टाकून रसायन ओळखणाऱ्या दांडीत) मोनोमरच्या दुहेरी बंधाची रेघ १६४० प्रति सेंटीमीटरच्या आसपास दिसते आणि मोनोमर संपेल तशी खाली येते. नुसत्या जॅकेटच्या पाण्यावरूनही, म्हणजे प्रवाह आणि आत-बाहेरच्या तापमानातला फरक मोजून, रिअ‍ॅक्शनचा वेग काढता येतो. मोठ्या कंपन्या हे करतात. हे वाचून असलेल्या माणसालाच हा माल विकता येतो.

आता जिथे लक्षात यायला हवं होतं ती जागा सांगतो, कारण रात्री झोप तिथेच मोडते. बसवायला आलेल्या इंजिनिअरने मला दोनच गोष्टी विचारल्या. फीड किती तास चालतो? चार. तापमान किती ठेवता? ८२. बस्स! रेसिपी विचारली नाही, एकही सॅम्पल मागितलं नाही. खरी रामन किंवा एनआयआर (इन्फ्रारेड प्रकाशावर चालणारी) सिस्टीम असेल तर तुमच्याच मालाची सॅम्पल काढून, प्रत्येकाचं सॉलिड्स (सुकवल्यावर उरणारा भाग, टक्क्यांत) आणि उरलेला मोनोमर लॅबमध्ये मोजून, त्यावर कॅलिब्रेशन करावं लागतं. मी तसं विचारलंही. ‘तुमच्यासारख्या रेसिपी क्लाउडवर तयार आहेत सर,’ म्हणाला. ट्रायल बॅचला केमिस्टने सॅम्पल काढायला हात घातला तर त्याला थांबवलं, म्हणे प्रोब डिस्टर्ब होतो. तिथेच त्याला गेटबाहेर काढायला हवं होतं. पण शेवटी लॅबचं सॉलिड्स ५० आलं आणि स्क्रीनवरही तेच होतं. जुळणारच, बॅच नेहमीसारखीच झाली होती! असं जुळल्यावर कोण शंका घेईल, सांगा.

पावसाळ्यात एका बॅचला परसल्फेट (रिअ‍ॅक्शन सुरू करणारं रसायन) ओल लागलेलं निघालं. फीड अर्धा झाला होता, स्क्रीनवर कन्व्हर्जन, म्हणजे पॉलिमर झालेला मोनोमर, ९३ टक्के. ऑपरेटर धावत आला, ‘साहेब, केटलजवळ लई वास मारायलाय.’ मॉइश्चर बॅलन्सवर (सॅम्पल सुकवून तोलणाऱ्या काट्यावर) सॉलिड्स बघितलं तर २७. त्या टप्प्याला ३८ च्या आसपास हवं. म्हणजे टाकलेल्या मोनोमरचा तिसरा हिस्सा तसाच आत पडून होता. हाताने फीड बंद केला, पाणी पूर्ण सोडलं, तरी तापमान ८२ वरून ९४ वर गेलं. माणसं वाचली. माल ग्रिट (गुठळ्या) होऊन गेला.

मग प्रोब उघडला. आत पीटी-१०० हा तापमानाचा सेन्सर, बाजारात कुठेही मिळतो तो, आणि एक लुकलुकणारा दिवा. स्क्रीनवरचा आलेख नुसता घड्याळावर चालत होता.

पोलीस ठाण्यात म्हणाले, मशीन मिळालं ना, मग फसवणूक कसली, दिवाणीत जा. पेटी तुम्हीच उघडली, मग आत काय होतं हे कशावरून? (तुम्ही उघडणार असाल तर पंच आणि व्हिडिओ आधी.) सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः आरटीजीएस केलेत, हे आमच्यात बसत नाही. ग्राहक आयोगाकडे जावं तर २०१९ च्या कायद्यात धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार सहसा ग्राहक धरला जात नाही. लघुउद्योगांची फॅसिलिटेशन कौन्सिल विकणाऱ्याच्या थकलेल्या पैशांसाठी, खरेदीदाराला तिथे दार बंद. व्यापारी दाव्याला आधी मध्यस्थी, आणि समोरचा नोटीसच घेत नाही. त्याने जीएसटी भरलाच नाही म्हणून माझं २,२५,००० चं क्रेडिटही अडलं. त्याची चोरी, वसुली माझ्याकडून! आमचं रिटर्न एक दिवस उशिरा गेलं की लेट फी लागते, आणि ह्याचा नोंदणी क्रमांक कधी रद्द झाला हे सांगायला कुणी बांधील नाही. पैसे देण्याआधी तो क्रमांक स्वतः तपासा, फक्त बिलावर छापलेला बघू नका.

ठाण्यात नाही घेतलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली वरिष्ठांना पोस्टाने लेखी द्या, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे. मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लावा असा अर्ज दिला आहे आणि त्याची पोच जपून ठेवली आहे.

डिस्पॅचआधी नव्वद टक्के मागणाऱ्याला उभं करू नका. सॅम्पल काढू नका म्हणणाऱ्याला तर अजिबातच नाही. आणि अशी पेटी कुणाकडे आधीच बसली असेल, तर केटलमध्ये नुसतं पाणी भरा, ८२ ला गरम करा, मोनोमरचा थेंबही न टाकता रेसिपी चालू करा. कन्व्हर्जन चढायला लागलं की पंचांसमोर व्हिडिओ काढा, पेटीला हात लावू नका, आणि दुसऱ्या दिवशी तुमचाही अर्ज द्या. माझा एकटा पडलाय.